नामदेवांची गाय आणि बेथानीचा लाजर



दोन महिने झाले, काही लिहिलं नाही. परवा पुण्याहून भाचीचा फोन आला, "मामा, दुकान बंद केलं का?" बंद नाही केलं. एक जुनं देणं डोक्यात घोळत होतं आणि ते फिटल्याशिवाय दुसरं काही लिहवत नव्हतं. देणं पैशाचं नाही, एका उत्तराचं आहे. १९७८ साली वर्गात एका पोराने मला प्रश्न विचारला आणि मी त्याला खाली बसवलं.

मी तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या (म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला) एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवीत होतो. वय सत्तावीस, बी.ए. होऊन काही वर्षं झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे ते दिवस. नववीचा वर्ग. रोमन साम्राज्य चालू होतं, ओघात ख्रिस्ती धर्माचा उदय आला. मी खडू हातात घेऊन म्हणालो, "येशूला सुळावर दिलं, आणि तिसऱ्या दिवशी तो कबरीतून उठून बसला असं ही मंडळी मानतात." 'उठून बसला' हे शब्द मी मुद्दाम जरा झटक्यात म्हटले. वर्ग हसला. मीही हसलो.

वर्गात एक ख्रिस्ती मुलगा होता. एकुलता एक. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, मूळचे जालन्याजवळच्या बेथेलचे. तो उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, नर्सीच्या नामदेवांची मेलेली गाय उठली होती ना? मागच्या आठवड्यात मराठीच्या तासाला तुम्हीच सांगितलं."

वर्ग चिडीचूप. मी म्हणालो, "ती भक्ती आहे, हा इतिहास आहे. बस खाली."

तो बसला. तास संपला. पण मंडळी, मला त्याच क्षणी कळलं होतं की आपण उत्तर दिलं नाही, नुसतं पद वापरलं. पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गेलं.

नर्सी आमच्यापासून जवळ. कयाधूच्या काठचं हे गाव, आमच्या घरची परतवारी तिथली. आषाढी करून पंढरपूरहून परतलेला वारकरी पुढच्या वद्य एकादशीला नर्सीला येतो. मी धोतराचा सोगा धरून आजोबांबरोबर गेलोय, पुढे नातवाचं बोट धरून गेलोय. तिकडे औंढ्याला नागनाथाचं देऊळ. नामदेवांच्या कीर्तनाला पुजाऱ्यांनी हरकत घेतली, त्यांना देवळामागे जायला सांगितलं, आणि देऊळच फिरलं, अशी कथा. नंदी देवासमोर न बसता पाठीमागे आहे तो त्यामुळे, असं आम्हाला लहानपणी दाखवीत. आमच्या भागातल्या पोराला चमत्कार पुस्तकात वाचावा लागत नाही, एसटीने जाऊन बघता येतो! आणि मी त्याच भागातला मास्तर, दुसऱ्याच्या चमत्काराला हसलो.

त्या नंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत परभणीच्या एका जुन्या वाचनालयात शोधाशोध केली. मनात होतं की दोन्हींमधला फरक सापडेल आणि माझं उत्तर बरोबर ठरेल. हाती लागलं ते 'ख्रिस्तपुराण'. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरीत काढलेली आवृत्ती. बी.ए.ला असताना त्याचं नाव आणि त्यातलं मराठी भाषेचं कौतुक तेवढं ऐकलं होतं, परीक्षेपुरतं. आख्खं पुस्तक उघडायचं कारण कधी पडलं नव्हतं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातला, विल्टशरचा. १५७५ साली रोममध्ये जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ साली मरेपर्यंत, तो इकडेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत. तिथे तो कोंकणी शिकला, मराठी शिकला, आणि येशूची कथा चक्क ओवीत लिहिली. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. अध्यायाला त्याचा शब्द 'अवस्वरू'. १६१६ साली रायतूरला ते छापलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. त्यानंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांवरून, मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी जपलेल्या पोथ्यांवरून ते आपल्यापर्यंत आलं. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती त्यातूनच निघाली.

आता या पुस्तकाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कौतुकाच्या भरात राहून जाईल. साष्टीतली देवळं १५६७ साली पाडली गेली होती. इन्क्विझिशन १५६० पासून होतंच. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं, पोथ्या मना झालेल्या. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्री गुरूला गाऱ्हाणं घालतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं काही तरी द्या. म्हणजे ज्याचं घरातलं काढून घेतलं त्यालाच ही ओवी दिली. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं. कारण मागणी खरी होती. पोथीशिवाय राहवत नाही असा तो माणूस होता, आपल्या आजीसारखा.

हा परकी पाद्री स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतो. देव 'परमेश्वर', येशू 'स्वामी'. श्रोत्याच्या डोळ्यासमोर जे उभं राहायचं ते याच शब्दांनी राहणार हे त्याने ओळखलं होतं. आंधळ्याला दृष्टी, पांगळ्याला पाय, वादळाला आज्ञा, मेलेल्याला जीव... ओवीत ऐकताना साष्टीतल्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. ज्ञानदेवांनी रेड्याकडून वेद वदवले, भिंत चालवली, आणि नेवाशाला सच्चिदानंदबाबांना मेलेले असताना उठवलं, ही कथा मराठी मुलुखात परंपरेने चालत आलेली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख आहे आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव. म्हणजे आख्यायिका खरी मानली तर आपला सगळ्यात मोठा ग्रंथ मरून उठलेल्या माणसाच्या अक्षरात उतरला!

आणि नामदेवांची गाय. इथे मला एक गंमत दिसली ती सांगतो. ही कथा फक्त मराठीत नाही, ती शिखांच्या ग्रंथातही आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत (आपल्या शेजारी नांदेडला हुजूर साहिबला ती आजही गायली जातात). त्यातल्या भैरव रागातल्या एका लांब पदात सुलतान नामदेवांना बांधून आणतो आणि म्हणतो, ही मेलेली गाय उठव, नाहीतर मान उडवतो. १६०४ साली पंजाबात ही गाय लिहून झाली आणि बारा वर्षांनी, १६१६ साली गोव्यात लाजर ओवीत छापून झाला. दोघांना एकमेकांची वार्ता असायचं कारण नाही.

सुलतान कोण, हा वेगळा घोळ. कोणी बेदरचा बादशहा म्हणतं, कोणी दिल्लीचा. आता इतिहासाचा मास्तर म्हणून सांगतो, नामदेव १३५० साली गेले, बहमनी राज्यच मुळी १३४७ साली झालं, तेही गुलबर्ग्याला, आणि राजधानी बेदरला गेली ती पंधराव्या शतकात. म्हणजे नामदेवांच्या काळात बेदरला बादशहा बसलेला नव्हता. महिपतीबुवांचा भक्तविजय तर १७६२ चा. कागदपत्रं मागायला गेलं तर माझ्या हाती फार काही लागत नाही. त्या पोराला मी म्हटलं होतं 'हा इतिहास आहे', पण तोच इतिहास नर्सीला लावायची माझी तयारी नव्हती.

हा प्रश्न काही आमच्या वर्गातच पहिल्यांदा निघाला असंही नाही. मुंबईत जॉन विल्सन १८२९ साली आले आणि १८३१ साली मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. १८५७ च्या सुरुवातीला विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्याच्या आठवड्याला पाद्र्यांशी वाद घालत. मिशनऱ्यांनी पुराणातल्या कथांना हसायचं आणि आपल्या लोकांनी विचारायचं की तुमच्या पुस्तकातलं तेवढं खरं कसं? दोन्ही बाजूंचा युक्तिवाद एकच, फक्त तोंडं बदलायची. त्या दिवशी वर्गात पाद्र्याच्या जागी मी होतो आणि मोरभटांच्या जागी तो पोरगा. आपल्याकडच्या कायद्याने मात्र यातून शहाणी वाट काढली आहे असं मला वाटतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूला पकडतो, पण दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन त्याने गुन्ह्यातून वगळलं आहे. कथा सांगणं वेगळं, कथेच्या नावावर कुणाला लुबाडणं वेगळं.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

ख्रिस्तपुराण वाचून झाल्यावर मी पवित्र शास्त्रातली चारी शुभवर्तमानं वाचली (मराठी अनुवादांना दोनशे वर्षांहून जास्त झाली, श्रीरामपूरच्या मिशनने मराठी नवा करार १८११ साली काढला). आणि मला नामदेवांच्या पदाजवळची जागा अनपेक्षित ठिकाणी सापडली. लूकच्या शुभवर्तमानात येशूला पकडून हेरोद राजापुढे उभं करतात. हेरोद खूश होतो, कारण याच्या हातून एखादा चमत्कार बघायला मिळेल अशी त्याला फार दिवसांची हौस. येशू एक अक्षर बोलत नाही. चमत्कार करत नाही. नामदेवांच्या पदातही सुलतानापुढे नामदेव म्हणतात की माझ्या केल्याने काही होत नाही, करणारा राम आहे. आई रडून सांगते, राम सोड, खुदा म्हण, जीव वाचव. ते ऐकत नाहीत. वेळ जात राहते, आणि मग हरी गरुडावरून येतो. तिकडे कोणी आलं नाही. सुळावर लोक टोमणे मारत होते की दुसऱ्यांना वाचवलंस, आता स्वतःला वाचव, खाली उतर. तो उतरला नाही, मेला.

इथपर्यंत आल्यावर मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या दोन गोष्टींची तुलना करत होतो. पोराने गाय म्हटली, मी येशू म्हटलं. गाईची जोडी लाजराशी आहे.

लाजर हा बेथानी गावचा, येशूचा स्नेही. मरून चार दिवस झाले होते. बहीण म्हणाली, आता दुर्गंधी येत असेल, धोंड काढू नका. येशूने हाक मारली आणि तो प्रेतवस्त्रासकट बाहेर आला. शुभवर्तमानांत येशूने मेलेल्याला उठवल्याच्या तीन कथा आहेत: याईराची बारा वर्षांची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा, आणि हा लाजर. जुन्या करारात एलीया आणि अलीशा यांच्याही अशा कथा आहेत. सच्चिदानंदबाबा, नामदेवांची गाय, लाजर, ही सगळी एका घरची माणसं (गाईला माणूस म्हटल्याबद्दल माफ करा). मेलेला परत आपल्या जुन्या आयुष्यात आला. गाय उठली, तिने दूध दिलं, आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेलीच असणार.

येशूचं 'पुनरुत्थान' म्हणतात ते हे नव्हे. आणि हा शब्द आपल्या कानाला कसा चुकीचा ऐकू येतो बघा. आपल्याकडे आधीच दोन शब्द घर करून बसलेत. एक पुनर्जन्म: जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसा जीव दुसरं शरीर घेतो. दुसरा संजीवन, आळंदीच्या १२९६ च्या संजीवन समाधीमुळे: योगी मरत नाही, बसलेला आहे. तिसरं आपलं सदेह वैकुंठगमन, तुकोबांचं. पण त्यात मरणच नाही. येशूची कथा या तिन्हींत बसत नाही. तो खराखुरा मेला, पुरला गेला. दुसरा जन्म घेतला नाही. त्याच देहाने उठला, पण जुन्या आयुष्यात परतला नाही, आणि पुन्हा मरणारही नाही असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास.

यहुदी लोकांत ही कल्पना येशूच्या आधीपासून होती. जगाच्या शेवटी सगळे मेलेले उठतील असं परूशी मानत. सदूकी मानत नसत, त्यांचा त्यावरून वाद चाले. नवं काय, तर शेवटी सगळ्यांचं व्हायचं ते एका माणसाचं आधीच होऊन गेलं, असं काही गालीली माणसं रस्त्यावर उभी राहून सांगू लागली. इ.स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. येशूच्या मरणाला तेव्हा पंचवीसएक वर्षं झालेली. त्यात तो कोणाकोणाला दर्शन झालं त्यांची यादीच देतो, एकदम पाचशेंवर माणसांना दिसला म्हणतो, आणि त्यातले बरेचजण अजून हयात आहेत असं बजावतो. आणि उघड सांगतो की हे झालंच नसेल तर आमचं सांगणं आणि तुमचं मानणं दोन्ही फुकट. इतकी पंचाईत कुठल्याच पुराणिकाने स्वतःवर ओढवून घेतलेली मी वाचली नाही. नामदेवांची गाय उठली नसती तरी नामदेवांचा एकही अभंग उणा होत नाही.

हे वाचून ते घडलंच असं मी म्हणेन का? नाही म्हणणार. इतिहासाला हात घालता येतो तो, लोकांनी असं म्हटलं आणि त्यापायी मार खाल्ला, जीव दिला, इथपर्यंत. त्यापलीकडे माझी विद्या जात नाही. पण एका गोष्टीने मास्तर म्हणून मी अडलो. रचून सांगायचं तर लोक चांगले साक्षीदार रचतात. इथे रिकाम्या कबरीपाशी पहिल्या जातात त्या बायका. त्या काळच्या त्या समाजात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं, आणि लूक सरळ लिहितो की त्यांचं बोलणं शिष्यांनाच बडबड वाटली. मार्कचं शुभवर्तमान तर चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, एवढ्यावरच संपतं. थोमा तर म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. (हाच थोमा पुढे हिंदुस्थानात आला अशी केरळातल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा. शंकेखोर तेवढा आपल्याकडे पाठवला म्हणायचा! आणि ओवीवाल्या स्टीफन्सचं नावही थॉमसच.)

बायकांवरून लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी रामायणासारखं 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झालेले. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, ज्यांना जोडाक्षरं कधी धड साधली नाहीत. १९३६ साली त्या गेल्या, पुस्तक छापून निघालं १९३८ ला. स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी येशू पुन्हा ओवीत आला तो मुख्यतः एका विधवेच्या हातून. कुणावर सक्ती नव्हती, कुणाची पोथी मना केलेली नव्हती. मला हे ख्रिस्तपुराणापेक्षा जवळचं वाटतं, हे माझं आपलं मत.

देहाचं मात्र माझ्या बरीच वर्षं लक्षात येत नव्हतं. आपला सगळा ओढा देहातून सुटण्याकडे. जे सुटावं म्हणून जन्मभर नाम घ्यायचं तेच हाड-मांस परत कशाला हवं? मेल्यावर उठलेल्या येशूच्या हाताला खिळ्यांची भोकं तशीच होती, तो मासा खाऊन दाखवतो, हे मला वाचताना बाळबोध वाटायचं. आत्मा अमर आहे म्हटलं की पुरे नाही का?

चार वर्षांपूर्वी ही गेली. नातेवाइकांना सगळं माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, आत्मा अमर आहे, सर. मी मान हलवायचो. मीही शेकडो घरी जाऊन हेच म्हटलं होतं. पण रात्री एकटा बसलो की आत्म्याशी माझी काही ओळख नव्हती असं वाटायचं. ओळख होती ती एका बाईशी, जिच्या उजव्या अंगठ्यावर तव्याचा जुना डाग होता आणि जी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायची. परत द्यायचंच असेल कुणाला तर ते द्यावं, डागासकट. तेव्हा मला ती खिळ्यांची भोकं कळली. मानायला लागलो असं नाही. लोक ते मानून काय मागतात, ते कळलं.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात तो पोरगा सापडला. पोरगा कसला, साठी उलटली त्याची, एसटीतून निवृत्त होऊन जालन्याला असतो. बेथेल ही रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेली वस्ती. ते १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात जमीन मिळवून त्यांनी हे गाव बसवलं. तिथल्या चर्चजवळ याचं जुनं घर अजून आहे म्हणाला. बरेच दिवस धीर झाला नाही. मग एका संध्याकाळी फोन केला.

म्हणालो, "अरे, नववीत तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी तुला खाली बसवलं."

"आठवतं की सर."

"माझं चुकलं तेव्हा."

तो हसला. म्हणाला, "सर, मी त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना विचारलं होतं. म्हणलं, दादा, नामदेवांची गाय उठली, आपला लाजर उठला, मग येशूचं वेगळं काय? दादा औषधाच्या पुड्या बांधत होते. म्हणाले, लाजर म्हातारा होऊन पुन्हा मेला असेल की रे. म्हणून आपण लाजराचा सण करत नाही."

मी फोन कानाला लावून तसाच बसलो. मला जे कळायला परभणीचं वाचनालय, रायतूरचा छापखाना आणि चाळीसेक वर्षं लागली, ते कंपाउंडरदादांनी पुड्या बांधता बांधता सांगून टाकलं होतं, त्याच संध्याकाळी.

"आणि गाईचं काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, गाय उठली असेल तर चांगलंच झालं. गाय कुणाची का असेना."

पुढे त्याच्या गुडघ्यांबद्दल आणि माझ्या मोतीबिंदूबद्दल बोलणं झालं. नातू आठवीत आहे म्हणाला, त्याला औंढ्याचा मागे बसलेला नंदी दाखवायचाय. मी म्हटलं, परतवारीलाच ये, आधी नर्सी करू, मग औंढा. गर्दी असते, पण घरचा डबा असेल. परतवारीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो म्हणालाय. हिंगोलीच्या स्टँडवर मी घ्यायला जाणार आहे.